खेड्यावर नवीन आलात आणि घरात हॅमॉक टांगायचाय? आधी लूप नीट करा

पुणे-कोल्हापूरकडून नोकरीसाठी इकडे चंद्रपूर जिल्ह्यात ब्रम्हपुरी, सिंदेवाहीच्या खेड्यांवर येणाऱ्यांसाठी लिहितोय, मीही बाहेरूनच आलेलो, आता इथलाच झालोय. जमिनीवर गादी टाकून झोपू नका. मण्यार रात्रीच फिरते आणि खाली झोपलेल्यांना चावते, कित्येकदा चावल्याचं कळतही नाही. बाज मिळाली तर उत्तम, नाहीतर हॅमॉक (दोन टोकांना टांगलेली कापडाची झोळी), आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना लाईन गेली की खालूनही हवा लागते हे फार मोठं सुख आहे.

कवेलूच्या (कौलारू) जुन्या घरात म्याल, म्हणजे छताच्या लाकडी तुळया, भक्कम असतात पण उधई (वाळवी) बघा, चाकूचं टोक टोचून बघायचं, सहज आत गेलं तर ते लाकूड सोडून द्या. कोणतं लाकूड कधी बदललं ते घरमालक काकाजींनाच माहीत, त्यांना विचारल्याशिवाय काही बांधू नका. टिनाच्या शेडचे पाईप, खिडकीचे गज नकोच.

लूप म्हणजे हॅमॉकचं टोक अडकवायचं दोरीचं कडं, दोन्ही बाजूंना एकेक. त्याला १० ते १२ मिमी जाडीची नायलॉन दोरी घ्या, एका लूपला दोन मीटरचा तुकडा बस होतो. प्लास्टिकची स्वस्त दोरी उन्हाने कडक होऊन तुटते. दोन्ही टोकं समोरासमोर ठेवा, एका टोकाने दुसऱ्या दोरीभोवती दोन वेढे घालून टोक त्याच वेढ्यांतून बाहेर काढा, मग दुसऱ्या टोकानेही तसंच, आणि ओढलं की दोन्ही गाठी एकमेकींना येऊन भिडतात. शेपटं चार बोटं तरी राहू द्या, नायलॉन गुळगुळीत असते, आखूड शेपूट सरकते. हे कडं म्यालावरून टाकून त्याचं एक टोक दुसऱ्यातून ओढून घ्या आणि मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला म्हणजे दोरी लाकडावर घासणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हॅमॉक ताणून सपाट बांधू नका. दोन फूट दोरीमागे एक फूट उतार (म्हणजे आडव्यापासून ३० अंश) ठेवला तर प्रत्येक लूपवर साधारण तुमच्या वजनाएवढाच ताण येतो, पण उतार १० अंशांवर आणला की तो जवळपास तिप्पट होतो, म्हणजे ७० किलोच्या माणसाचे एकेका बाजूला २०० किलो! ढिला बांधा आणि तिरपे झोपा, पाठ सरळ राहते.

झोपण्याआधी सिमेंटची ५० किलोची दोन पोती रात्रभर ठेवून बघा, गाठ सरकली तर सकाळी दिसतेच. पावसाळ्यात मच्छरदाणी खालूनही बंद होणारी घ्या, डास हॅमॉकच्या कापडातून पाठीला चावतात आणि इकडे मलेरिया आहे.