खांदा निखळलाय? आधी पंजा बघा

कबड्डीत पकड सोडवताना, दहीहंडीच्या थरावरून पडताना किंवा दुचाकी घसरून टेकलेल्या हातावर सगळा भार आला, की खांदा निखळतो. १०० पैकी साधारण ९५ वेळा दंडाच्या हाडाचा गोळा पुढे सरकतो. तिथेच काखेत हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा (मज्जातंतू) असतात. म्हणून सगळे खांद्याकडे बघत असताना तुम्ही पंजा बघा.

१. हात ओढू नका, ओळखीच्या हाडवैद्यालाही ओढू देऊ नका. आहे तसाच झोळीत अडकवा. अंगठी, बांगड्या काढा. कुणीतरी चहा आणतंच. तो देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

२. दोन्ही पंजे शेजारी धरा. दुखरा पंजा गार, पांढरट आहे का? नख दाबून सोडा. गुलाबी रंग दोन-तीन सेकंदांत परतायला हवा. मनगटाची नाडी बघा, पण ती लागली म्हणून निर्धास्त राहू नका. मोठी वाहिनी फाटली तरी आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून रक्त खाली पोचतं. पंजा गार, पांढरट असेल किंवा काखेत सूज भराभर वाढत असेल, तर १०८ लावा. वयस्कांमध्ये हा धोका जास्त, कारण त्यांच्या वाहिन्या कडक झालेल्या असतात.

३. आता नसा. पोलिसांच्या बाहीवर बिल्ला असतो, दंडाच्या त्या जागी कापूस फिरवा. दुसऱ्या दंडाइतका स्पर्श कळत नसेल, तर खांद्याची नस ताणली गेलेली असू शकते. मनगट वर उचलायला, बोटं फाकवायला सांगा. जे दिसेल ते वेळेसकट लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. बहुतेक नसा काही महिन्यांत सावरतात.

४. सांधा बसला, दुखणं एकदम कमी झालं, की लोक घरी निघतात. थांबा. पंजा आणि स्पर्श पुन्हा तपासून घ्या, बसवल्यानंतरचा एक्स-रेही काढून घ्या. हाडाचा टवका उडालेला असू शकतो. वय चाळिशीपुढे असेल आणि दोन आठवड्यांनीही हात वर जात नसेल, तर ‘जखडलाय, व्यायामाने सुटेल’ असं म्हणून बसू नका. खांद्याचे स्नायुबंध फाटले असतील, तर उशिरा शिवणं अवघड जातं. सोनोग्राफी किंवा एमआरआयबद्दल विचारा.

५. फिट किंवा विजेचा झटका आल्यानंतर हात पोटाशी आत वळलेला राहिला आणि बाहेर फिरेना, तर गोळा मागे सरकलेला असू शकतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत हे सहज निसटतं. बाजूनेही काढायला सांगा.