स्नायूतला ऑक्सिजन मोजताय? या चुका टाळा

मे महिन्यातली सकाळ, शिवाजी पार्क. आमच्या एका पोराच्या मांडीला स्नायूतला ऑक्सिजन प्रकाशाने मोजणारा सेन्सर बांधून त्याला पळायला सोडलं. तिसऱ्या फेरीनंतर मोबाइलवरचा आकडा खाली उतरायचा सोडून वर उड्या मारायला लागला. ‘‘सर, दम वाढला बघा!’’ पोरगं खूश. बघतो तर घामाने पट्टी सुटलेली आणि फटीतून ऊन थेट सेन्सरवर. त्या दिवसापासून कोरड्या त्वचेवरच सेन्सर लावतो, कडेने चिकटपट्टी मारतो आणि वरून काळं कापड गुंडाळतो. कापड घट्ट आवळू नका, नाहीतर खालचं रक्तच अडतं.

ही चूक निदान डोळ्यांना दिसते. मोठी चूक दिसत नाही. लोक त्या आकड्याला बिनधास्त ‘पेशीतला ऑक्सिजन’ म्हणतात. सेन्सर साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश आत सोडतो आणि परत किती आला ते बघतो. हा प्रकाश बारीक रक्तवाहिन्यांतलं हिमोग्लोबिन शोषतं, तसंच पेशीतलं मायोग्लोबिनही, म्हणजे स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रथिन. दोघांची शोषणाची तऱ्हा इतकी सारखी, की यंत्राला त्यांची फोड करता येत नाही. वागणं मात्र अगदी वेगळं. ऑक्सिजनचा दाब २७ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास आला की हिमोग्लोबिन निम्मं रिकामं होतं. मायोग्लोबिन त्यासाठी २-३ मिलिमीटरपर्यंत थांबतं. खरोखर पेशीतलंच बघायचं तर चुंबकीय स्पेक्ट्रोस्कोपी लागते. रसेल रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्या पद्धतीने मांडीचा स्नायू तपासला, तेव्हा जोरदार व्यायामात पेशीतला दाब जेमतेम ३ मिलिमीटर निघाला. तेव्हा वहीत ‘स्नायूची ऑक्सिजन संपृक्तता’ (ही दोन्ही मिळून किती टक्के ऑक्सिजनने भरलेली आहेत) एवढंच लिहा. आणि बोटाच्या ऑक्सिमीटरशी तर त्याची तुलनाच नको. बोटावर ९८ असताना मांडीचा आकडा धडाधड कोसळतो, आणि दोन्ही बरोबर असतात.

कातडीखालच्या चरबीचं गणितही चुकतं. प्रकाश देणारा दिवा आणि घेणारा डोळा यांच्यातल्या अंतराच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंतच यंत्राला दिसतं. अंतर ३० मिलिमीटर तर खोली १५. कॅलिपरच्या (चरबीची जाडी मोजायच्या चिमट्याच्या) चिमटीत कातडीची दुहेरी घडी येते, म्हणून तिचं माप निम्मं करायचं. ते न करता चांगल्या पोरांना चाचणीतून वगळलेलं मी पाहिलंय. उलट चरबी खरंच जाड असेल, तर रेघ सपाट येते आणि आपण यंत्राला शिव्या घालतो.

मांडीला कफ (हवा भरायचा पट्टा) बांधून, रक्त पूर्ण थांबवून शून्य पातळी ठरवताना दाब सिस्टॉलिकच्या, म्हणजे वरच्या रक्तदाबाच्या, बराच वर हवा. हे काम जाणकारासमोरच करा, घरी नको. एकूण हिमोग्लोबिनची रेघ चढत असेल तर कफ ढिला आहे: रक्त आत येतंय, पण बाहेर पडत नाहीये.

मुंबईच्या दमटपणात त्वचेतलं रक्त वाढतं आणि आकड्यात मिसळतं. म्हणून जानेवारीच्या पहाटेची चाचणी मेच्या दुपारशी ताडू नका.

सेन्सरची जागा पेनाने आखून ठेवा. आमच्या एकाने खूण पुसू नये म्हणून चार दिवस मांडीला साबणच लावला नाही. तेवढं नको, गुडघ्याच्या वाटीपासूनचं अंतर वहीत लिहिलं की झालं.