प्रादेशिक विद्वत्संघटनेच्या उगमाचा इतिहास कसा लिहावा

माहिती प्रणाली (संस्थांच्या कारभारातील संगणक आणि माहितीच्या वापराचा अभ्यास) या विषयाच्या प्रादेशिक संघटनेचा इतिहास लिहायला बसलेला अभ्यासक बहुधा आधी नोंदणीचा दाखला शोधतो. तो जरूर शोधावा, पण इतिहासाचा आरंभ तिथून करू नये. कारण या विषयात परिषद आधी भरली आणि संघटना मागाहून उभी राहिली, असे ठळकपणे घडलेले आहे. आयसीआयएस ही आंतरराष्ट्रीय परिषद १९८० मध्ये फिलाडेल्फियात प्रथम भरली, तर असोसिएशन फॉर इन्फर्मेशन सिस्टिम्स (एआयएस) ही जागतिक संघटना १९९४ मध्ये स्थापन झाली.

म्हणून आपल्या प्रदेशातील पहिल्या परिषदेचा निबंधसंग्रह प्रथम मिळवावा. त्यातल्या निबंधांपेक्षा प्रास्ताविक, संयोजन समितीची यादी आणि यजमान विभागाचे नाव अधिक बोलके असते. पहिल्या चार-पाच वर्षांच्या समित्या शेजारी-शेजारी मांडल्या की पुन्हा पुन्हा येणारी नावे आपोआप वर येतात, आणि संस्थापकांचा शोध तिथेच घ्यावा. यजमान विभाग संगणकशास्त्राचा होता की व्यवस्थापनाचा, हेही नोंदवावे. दोन्हीकडे पाहुण्यासारखा वावरणारा हा विषय स्वतःचे घर का शोधू लागला, याचा उलगडा त्यातून होऊ शकतो.

त्यानंतर सभांची इतिवृत्ते आणि घटनेचे मसुदे वाचावेत. मंजूर झालेल्या कलमांइतकीच वगळलेली कलमेही महत्त्वाची असतात. हिशेबाच्या वह्या कंटाळवाण्या खऱ्या, पण परिषदेची शिल्लक रक्कम कोणाच्या खात्यावर राहिली, हा रुक्ष प्रश्न संघटनेच्या नोंदणीमागचे कारण दाखवून देऊ शकतो.

जागतिक संघटनेशी असलेले नाते लिहिताना ‘शाखा’ हा शब्द जपून वापरावा. एआयएसने आपल्या सभासदांचे तीन विभाग मानले: अमेरिका खंड, युरोप-मध्यपूर्व-आफ्रिका आणि आशिया-पॅसिफिक. परंतु युरोपीय परिषद ईसीआयएस आणि आशिया-पॅसिफिकची पॅसिस या दोन्ही १९९३ मध्येच सुरू झाल्या होत्या, आणि स्कँडिनेव्हियातील अभ्यासकांचे आयरिस हे चर्चासत्र तर १९७८ पासून भरत होते. यांना मूळ संघटनेच्या फांद्या म्हटले, तर कालक्रमच उलटा होतो.

ज्येष्ठ सदस्यांच्या मुलाखती सर्वांत शेवटी घ्याव्यात, म्हणजे हाताशी कागद ठेवून नेमके प्रश्न विचारता येतात. आठवणीतले वर्ष आणि परिषदेच्या छापील कार्यक्रमपत्रिकेतले वर्ष जुळत नसेल, तर वर्ष पत्रिकेवरून घ्यावे आणि आठवणीतला तपशील सांगणाऱ्याच्या संमतीने, त्याच्याच नावावर नोंदवावा.