डोंग्याच्या ट्रॉलीचे लाइट बदलताय? आधी अर्थिंग बघा

आमच्याकडं नवेगावबांध, इटियाडोह आणि मधे गावागावातले मालगुजारी तलाव, त्यामुळं डोंगा एका तलावावरून दुसऱ्यावर न्यायचा म्हणजे ट्रॅक्टर नाहीतर पिकअपच्या मागं ट्रॉली लावायची. ट्रॉलीचे टायर बघतात, बेअरिंगले ग्रीस मारतात, लाइट मात्र साकोलीकडच्या हायवेवर रात्री मागून ट्रक एकदम जवळ येऊन हॉर्न मारतो तेव्हाच आठवतात.

नवे लाइट आणायच्या आधी एक काम करा भाऊ, अर्थ तपासा, म्हणजे अर्थिंग, करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट. मी नाही तपासला. डावा इंडिकेटर दिला की टेल लाइटच लुकलुकायचा आणि ब्रेक दाबला की सगळंच मंद व्हायचं, दुकानदार म्हणे "लाइट गेला तुमचा, दुसरा लावून घ्या", मी लावला, तरी तेच, मग बल्ब बदलले, तरी तेच. एक लाइट दिला की दुसराच पेटतो किंवा सगळे मिळून मंद होतात तेव्हा दहातले नऊ वेळा अर्थच गेलेला असतो, करंटले परत जायची सरळ वाट सापडत नाही म्हणून तो दुसऱ्या बल्बच्या तारेतून घुसून जातो. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांमधे परतीची वाट म्हणजे हुकाची पिन, आणि त्या पिनीवर ग्रीस, गंज, माती, वरून ती खडखड हलते, मग लाइट कसा टिकेल.

तपासायला लांब वायरचा एक तुकडा पुरतो. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं लाइटच्या अर्थच्या वायरला नाहीतर होल्डरच्या लोखंडी बॉडीला लावा, लाइट एकदम लख्ख झाला की समजा. मल्टिमीटर असेल तर लाइट चालू ठेवून याच दोन जागांमधे व्होल्ट मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ खराब. इलाज एकच, हुकावर भरोसा न ठेवता ट्रॅक्टरच्या वायरी ट्रॉलीले जोडायच्या सॉकेटपासून प्रत्येक लाइटपर्यंत वेगळी अर्थची वायर ओढायची, २.५ स्क्वेअर एमएमची घ्या, आणि ती बारीक तारांची ऑटो वायरच पाहिजे, घरच्या फिटिंगची एकतारी वायर हादऱ्यानं आतल्या आत तुटते आणि वरून दिसतही नाही.

सातपिनी सॉकेटचा हिशोब ठरलेला आहे: १ पिवळी डावा इंडिकेटर, ३ पांढरी अर्थ, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेल, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा टेल, आणि २ निळी मागच्या फॉग लाइटची, ती आपल्याकडं बहुतेक रिकामीच. हे झालं कागदावरचं. जुन्या ट्रॅक्टरले चार जणांचे हात लागलेले असतात, जी वायर हाती आली ती जोडलेली असते, म्हणून रंगावर जाऊ नका, टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला साधा बल्ब) लावून एक एक पिन बघा.

आता बल्ब की एलईडी? बल्बचा फायदा एवढाच की कुठंही मिळतो. मागचा बल्ब २१/५ चा असतो, म्हणजे ब्रेकला २१ वॅट, टेलला ५, त्याचे बाजूचे दोन खिळे वर-खाली असतात, जबरदस्तीनं उलटा बसवला तर ब्रेक आणि टेल अदलाबदल. मी एलईडीच घ्या म्हणेन. करंट फार कमी लागतो, हादऱ्यानं तार तुटायची भानगड नाही. घेताना १० ते ३० व्होल्टवाला घ्या, कारण इंजिन चालू असताना १२ व्होल्टची बॅटरी १४ च्या आसपास जाते, स्वस्तातले तिथंच जळतात. प्लस-मायनस उलटं झालं तर एलईडी लागतच नाही, खराब समजून फेकू नका. आणि इंडिकेटर एकदम पटपट मारायला लागला तर घाबरू नका, जुन्या फ्लॅशरले (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीले) लोड कमी पडून राहिला, एलईडीचा फ्लॅशर टाका.

पाण्याचं नीट ऐका. डब्यावर आयपी ६७ लिहिलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. पण आपण गरम झालेला लाइट थंड तलावात घालतो, आतली हवा आकसते आणि रबरच्या फटीतून पाणी आत ओढते, साधा बल्ब असेल तर काच तडकायचीही भीती. म्हणून काठावर पोचलं की आधी सॉकेट काढा, दहा मिनिटं थांबा, तंबाखू मळा, मग ट्रॉली मागं घ्या.

त्याहून बरा उपाय, लाइट ट्रॉलीला लावूच नका. पाचेक फुटांची लाकडी पट्टी घ्या, तिच्यावर दोन्ही लाइट, लाल रिफ्लेक्टर, नंबर प्लेट बसवा आणि डोंग्याच्या मागच्या टोकाला पट्टी कसून बांधा. डोंगा ट्रॉलीच्या मागं दोन-तीन फूट बाहेर निघतोच, ट्रॉलीवरचे लाइट तसेही त्याच्या खाली झाकले जातात. पाण्यात जायच्या आधी पट्टी सोडून काठावर ठेवायची, झालं. वळणावर ताणू नये म्हणून वायर थोडी ढिली ठेवा, पण जमिनीला घासेल एवढी नको.

जोड देताना नुसती टेप गुंडाळू नका, आपल्या मे महिन्यात टेपचा डिंक वितळून खाली येतो. लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवा, वरून आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, घालून तापवा. होल्डर आणि पिना पॉलिश पेपरनं घासून वर पातळ व्हॅसलीन लावा, हिरवा गंज चढत नाही. ट्रॉली धानाच्या कोठाराजवळ उभी राहत असेल तर वायर पाइपात घाला, नाहीतर उंदीर एका रात्रीत काम करतात.

एकटे असाल तर संध्याकाळी ट्रॉली चुना मारलेल्या भिंतीकडं पाठ करून लावा, ब्रेकचं पेडल आणि सीटच्या मधे काठी अडकवा, मागं उतरून बघा. आणि बाजूला पिवळी, मागं लाल रिफ्लेक्टर टेप चिकटवाच, वायर तुटली तरी ती चमकते, फक्त चिखल पुसलेला पाहिजे.