मुलाला बाल न्याय मंडळापुढे नेण्याआधी

गुन्ह्याच्या आरोपावरून अठरा वर्षांखालच्या मुलाला ताब्यात घेतल्याचा पोलीस ठाण्यातून फोन आला की आईवडिलांची पहिली धाव वकिलाकडे असते. अशा मुलांची प्रकरणं कोर्टाऐवजी आधी बाल न्याय मंडळापुढे जातात. वकील लागतोच (ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो मोफत देतं), पण आधी घरातलं कपाट उघडून मुलाच्या वयाचा पुरावा काढा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ प्रमाणे शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी धरतात. ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड सोबत असू द्या, त्याच्यावर विसंबू नका. गुरुजींनी शाळेत सरसकट १ जून टाकलेला असेल आणि ग्रामपंचायतीत तारीख वेगळी असेल, तर दोन्ही कागद वकिलाला आधीच दाखवा. वय गुन्ह्याच्या दिवशीचं मोजतात, आजचं नाही.

मुलाला किती वाजता ताब्यात घेतलं ते कागदावर लिहून ठेवा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला मंडळापुढे आणावं लागतं, आणि तोवर लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. जामिनासाठी स्वतःचं ओळखपत्र, रेशनकार्ड, लाइट बिल घ्या. गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला जामीन हाच नियम. वाईट संगत, मुलाला धोका किंवा न्यायाला बाधा अशी कारणं नोंदवूनच मंडळ तो नाकारू शकतं. २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव गेला, तेव्हा मंडळाने जामिनाला घातलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवरून केवढा गदारोळ झाला, तरी निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) ठेवलेल्या त्या मुलाला सोडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जूनमध्ये दिलाच.

मुलगा सोळा पुरा असेल तर कलमं नीट वाचून घ्या. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तोच ‘निर्घृण’ ठरतो, आणि त्यातच मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हे ठरवण्यासाठी प्राथमिक मूल्यांकन होतं. खून, बलात्कार यात येतात. खुनाचा प्रयत्न ऐकायला भयंकर, पण त्याला किमान शिक्षा ठरलेली नसल्याने एरवी तो यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हाच अर्थ लावला. मूल्यांकनात मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती पाहतात. म्हणून मानसोपचाराची फाइल, व्यसनमुक्तीचे कागद, शाळेतल्या तक्रारी, जे असेल ते आणा. लाज वाटली तरी आणा. प्रकरण मंडळाकडेच राहिलं तर जास्तीत जास्त तीन वर्षं विशेषगृह, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांचं सुधारगृह. प्रौढ म्हणून दोषी ठरला तरी फाशी नाही आणि सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही नाही.

मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला देणारे परिवीक्षा अधिकारी घरी येतील, शेजाऱ्यांकडे विचारपूस करतील. घर सजवू नका, बापाची दारू लपवू नका, शेजारी सांगतातच. बोनाफाइड, हजेरीपट, क्लासची किंवा कामाच्या ठिकाणची चिठ्ठी जमवा. मुलाला मात्र पढवू नका, पाठ केलेलं उत्तर चटकन ओळखू येतं.

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाचा फोटो, नाव काही जाऊ देऊ नका. कलम ७४ खाली ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पहिल्यांदा मंडळापुढे नेल्याची तारीख वहीत ठळक लिहा. मूल्यांकनाचे तीन महिने आणि चौकशीचे चार महिने तिथून मोजतात. किरकोळ गुन्ह्याची चौकशी वाढीव दोन महिने धरूनही पुरी झाली नाही तर ती तिथेच संपते, आणि याची आठवण वकिलाला करून द्यायला संकोचू नका.