ओढ्याकाठी गाण्याची रात्र कशी घ्याल

आमचं भजनी मंडळ चार वर्षं ओढ्याकाठी गाण्याची रात्र घेतंय. शेजारच्या गावांतल्या बायका विचारतात, कसं जमवता? म्हणून लिहिते.

दिवस माघ-फाल्गुनातला, पौर्णिमेच्या आसपासचा धरा. तेव्हा पाणी ओसरलेलं असतं. मुळांत अडकलेल्या पिशव्या, खताची पोती, देवांच्या जुन्या तसबिरी सगळं उघडं पडतं. सकाळी ओढा साफ करायचा, रात्री त्याच काठावर गायचं. गाडगेबाबांची रीतच होती ती: आधी खराटा, मग कीर्तन. कीर्तनात ते समोरच्यांना प्रश्न विचारत. आमचा भारूड करणारा गडीही सकाळी निघालेली पिशवी हातात धरून विचारतो, "ही कुणाच्या घरची?" त्यापुढे कुणाचं भाषण ठेवूच नका. पहिल्या वर्षी आम्ही ठेवलं होतं, निम्मी माणसं उठून गेली.

गाणी गावातच शोधा. महिनाभर आधी म्हाताऱ्यांपाशी जाऊन बसा. "पर्यावरणावर काही म्हणा" म्हटलं की त्या गप्प होतात. "तुमच्या लग्नाला पाणी कुठून आणलं होतं?" असं विचारा. आमच्या एका आजींनी बोलता बोलता ओवी बांधली:

पहिली माझी ओवी, गं बाई, पांदीच्या ओढ्याला
हंडा बुडत होता जिथं, वाटी बुडंना आजला

त्या रात्री ही ओवी ऐकताना तिथली एकही बाई हलली नाही.

हलगी-संबळाला माईक लागत नाही. ओवीपुरता एक स्पीकर पुरे. त्याची परवानगी पोलीस ठाण्यातून आधीच काढा, रात्री दहाला तो बंद करावा लागतो. त्याचं तोंड गावाकडे ठेवा. आमच्याकडे काठच्या करंजावर बगळे वस्तीला असतात.

दव पडलं की हलगीचं कातडं सैल होतं, आवाज बसतो. शेकायला छोटी शेकोटी हवीच. ती झाडांपासून लांब, गवत काढलेल्या जागेवर पेटवा, शेजारी पाण्याची बादली ठेवा. सकाळचा कचरा चुकूनही तिच्यात टाकू नका. प्लॅस्टिकचा धूर गाणाऱ्यांच्याच घशात जातो.

वाजवणाऱ्यांचं मानधन आधी ठरवा आणि त्याच रात्री हातात द्या. शाल-नारळावर त्यांचं घर चालत नाही. पैसे कमी पडले तर मांडव काढून टाका, चांदण्यात बसा.

आणि चहा. दुसऱ्या वर्षी सकाळी साफ केलेल्या ओढ्यात दुसऱ्या दिवशी आमचेच कागदी कप तरंगत होते. मला रडू आलं. तेव्हापासून निमंत्रणाच्या खाली ठळक अक्षरांत एक ओळ असते: येताना घरचा पेला घेऊन या.