मेमरी कार्डाला कुलूप नसतं

गेल्या दिवाळीत बहिणीचा फोन बंद पडला. त्यातलं मेमरी कार्ड काढून मी लॅपटॉपला लावलं आणि सगळं समोर उघडं पडलं. आधार कार्डाचा फोटो, पासबुकाचं पहिलं पान, भाच्याचा जन्मदाखला. फोनला पॅटर्न होता, बोटाचा ठसाही होता. पण ते कुलूप फोनचं. कार्डावर फाइल्स सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट या पद्धतीने मांडलेल्या असतात, आणि कोणती फाइल कोणी वाचायची याचा बंदोबस्त त्या पद्धतीत नाहीच.

आधी ॲप्स तपासा. सेटिंग्जच्या सर्च पट्टीत ‘ऑल फाइल्स ॲक्सेस’ शोधा (अँड्रॉइड ११ आणि पुढे). सगळ्या फाइल्स वाचण्याची मुभा असलेल्या ॲप्सची जी यादी उघडेल ती शांतपणे वाचा. फाइल मॅनेजरला, बॅकअपच्या ॲपला ही मुभा लागते. टॉर्च, वॉलपेपर, कॅलेंडरला कशासाठी हवी? बंद करा. खरंच गरज असेल तर ॲप पुन्हा मागेल.

मग सेटिंग्जमधल्याच परमिशन मॅनेजरमध्ये फोटो-व्हिडिओंची परवानगी पाहा. २०२२च्या अँड्रॉइड १३पासून फोटो-व्हिडिओ आणि गाणी यांच्या परवानग्या वेगळ्या झाल्या. १४मध्ये तर ठरावीक फोटोच निवडून देता येतात. फॉर्मला एक फोटो जोडायचा असेल तर तेवढाच द्या, अख्खी गॅलरी कशाला?

आता कार्ड. कागदपत्रांचे फोटो फोनच्या स्वतःच्या मेमरीत हलवा. तिथे ते नीट उघडतात याची खात्री करूनच कार्डावरून काढा. गाणी, सिनेमे कार्डावर राहू द्या.

सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये ‘एन्क्रिप्ट एसडी कार्ड’ असा पर्याय असतो. तो चालू केला की कार्ड दुसऱ्या फोनमध्ये किंवा लॅपटॉपवर वाचता येत नाही. मात्र फोन फॅक्टरी रिसेट करण्याआधी, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करण्याआधी, आठवणीने कार्ड ‘डिक्रिप्ट’ करा, म्हणजे ते कुलूप काढा. ते राहिलं तर तुमचेच फोटो तुम्हाला परत मिळणार नाहीत. म्हणून त्यांची एक प्रत आधीच दुसरीकडे ठेवा.

जुनं कार्ड कोणाला देताना नुसतं डिलीट करून भागत नाही. डिलीट केलेल्या फाइल्स रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने बऱ्याचदा परत येतात. फॉरमॅट करा, मोठमोठे व्हिडिओ टाकून कार्ड काठोकाठ भरा, पुन्हा फॉरमॅट करा. ज्यावर आधार, पासबुक होतं ते कार्ड मात्र कोणालाच देऊ नका. बहिणीचं मी कात्रीने कापून टाकलं.